जुन्या मारुती ८०० चं मिसिंग सगळं बदलूनही जात नाही, आता इंजिन खोलायचं का?

लगेच खोलू नका. तुमच्या प्रश्नात दोन-तीन गोष्टी अशा आहेत की त्यावरूनच मिसिंगचं, म्हणजे इंजिनाचा एखादा सिलिंडर मध्येच न पेटण्याचं, अर्धं निदान होतंय. गाडी १९९८ ची, कार्ब्युरेटरवाली, एलपीजी किट बसवलेली. पावसाळ्यात सकाळी स्टार्ट केली की झटके देते, तासाभरात सुधारते. मात्र चांगली गरम झाली की कोल्हापूरच्या दसरा चौकात सिग्नलला उभी असताना थडथडते, आणि रेस दिली की नीट चालते. पेट्रोलवर आणि गॅसवर सारखंच. प्लग आणि कॉइल बदलून झाले, कार्ब्युरेटर दोनदा धुवून झाला.

मी उद्यमनगरात हेडची (इंजिनाच्या वरच्या, व्हॉल्व्ह असलेल्या भागाची) कामं होतात त्या वर्कशॉपात असतो, त्यामुळे अशा गाड्या रोज बघतो. माझ्या मते तुमच्या गाडीला एक नाही, दोन रोग आहेत. एकाच कारणामागे धावल्यामुळे तुमचे फिटर दमलेत.

आधी पेट्रोल आणि गॅसचं. गॅसला ठिणगी पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून करंट अशक्त असेल तर मिसिंग गॅसवर आधी दिसतं. फक्त पेट्रोलवर होत असेल तर कार्ब्युरेटर, फक्त गॅसवर असेल तर रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) बघायचा. दोन्हीवर सारखं असेल तर इंधनाची बाजू जवळजवळ सुटली. म्हणजे कार्ब्युरेटर धुण्याचे पैसे वायाच गेले म्हणायचे.

सकाळचा रोग स्वस्तातला आहे. तुम्ही प्लगच्या वायरी आणि डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक प्लगला करंट वाटणाऱ्या भागाची) कॅप बदलल्याचं कुठे लिहिलेलं नाही. आपल्याकडच्या पावसात दमट हवेनं जुन्या वायरीतून करंट बॉडीवर गळतो. रात्री अंधारात, इंजिन चालू असताना, झाडांवर मारायच्या स्प्रेनं वायरींवर आणि कॅपवर थोडं पाणी मारा. हात लांब ठेवा. निळे धागे नाचताना दिसले की चोर सापडला. कॅप काढून आतल्या बाजूला केसासारखी काळी रेघ दिसते का तेही बघा.

गरम झाल्यावरचं मिसिंग मात्र गंभीर आहे, आणि तिथे पहिला प्रश्न एकच: कुठला सिलिंडर मेलाय? ८०० ला तीनच आहेत, एक गेला की तिसरा हिस्सा ताकद गेली. आयडलिंगवर, पेट्रोलवर ठेवून, इन्सुलेटेड पक्कडीनं एकेका प्लगची वायर काढा. काढलेली वायर मोकळी सोडू नका, एक जादा प्लग लावून तो बॉडीला अर्थ करा, नाहीतर कॉइल जाते. वायर काढल्यावर इंजिन आणखी लंगडलं तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर तो मेलेला. मग त्याचा प्लग आणि वायर शेजारच्या सिलिंडरशी अदलाबदल करा. मिसिंग त्यांच्याबरोबर सरकलं तर दोष प्लगचा नाहीतर वायरीचा. जागेवरच राहिलं तर पुढे वाचा.

गॅसवर चालणाऱ्या जुन्या गाडीत एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट, म्हणजे तो बसतो ती कडी, हळूहळू झिजते, व्हॉल्व्ह वर सरकत जातो आणि टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली, गॅप संपते. गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गळतं, पुढे व्हॉल्व्हची कडा जळते. रेस दिल्यावर गळायला वेळ कमी मिळतो, म्हणून गाडी नीट वाटते. गंमत म्हणजे असं इंजिन फार शांत चालतं. टॅपेट वाजत नाही म्हणून मालक खूश असतो. थोडा वाजणारा टॅपेट केव्हाही परवडला.

सायलेन्सरच्या तोंडाशी कागदाची पट्टी धरा. कुठल्याही मिसिंगला ती फडफडेल, पण मध्येच आत ओढली जात असेल तर माझा संशय पक्का होतो. मग थंड इंजिनावर फिलर गेजनं (गॅप मोजायच्या पातळ पात्यांनी) टॅपेट तपासून घ्या. पातीच जात नसेल तर गॅप सेट करून गाडी दोन दिवस चालवा. काहींचं एवढ्यावरच भागतं.

नाही भागलं तर कॉम्प्रेशन मोजा. तिन्ही सिलिंडरमधला फरक १ किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) आत हवा. कमी दाखवणाऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा: वाढलं तर पिस्टनच्या रिंगा, तसंच राहिलं तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. आणखी खात्री हवी असेल तर तो पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणून गाडी गिअरमध्ये ठेवा आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

ही मोजामोजी करण्यापूर्वी एक शंका मिटवा: मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटरपासून इंजिनात जाणाऱ्या नळीच्या) जोडावर सिरिंजनं पाण्याचे थेंब सोडा, आयडलिंग बदललं तर तिथून हवा ओढतेय.

आणि खरंच व्हॉल्व्ह निघाला, तर 'इंजिन ओपन' करायचं काम नाही. फक्त हेड उतरवायचं, सीट कापायच्या, व्हॉल्व्ह बदलायचे, फेसिंग (हेडचा तळ सपाट आहे का) बघायचं. हेड उतरलंच आहे तर टायमिंग बेल्टही नवा टाकून घ्या. पुढे रोज सकाळी पेट्रोलवर स्टार्ट करा, आणि गॅसवर चालवणार असाल तर टॅपेट प्रत्येक सर्व्हिसला तपासायला सांगा, वाजत नसले तरी.