बाळाच्या गोधडीवर रेघा कशाने माराव्यात आणि चुण्या का पडतात

ताई, तुम्ही कराडला भाच्यासाठी पहिलीच गोधडी शिवताय, ३६ बाय ३६ इंची, आत सासूबाईंच्या जुन्या लुगड्याचे थर. पेन्सिलीच्या रेघा धुण्यात जातील का आणि मशीनवर चुण्या कशाने पडतात, असं विचारलंत.

पेन्सिल नकोच. शिसं धाग्यात बसतं आणि फिक्या कापडावर करडी रेघ राहते. गडद कापडाला अंगाच्या साबणाची वाळलेली चिपटी घ्या, पहिल्याच पाण्यात निघते. फिक्या कापडावर पाण्याने जाणारं निळं पेन चालतं, पण रेघ असताना इस्त्री लावायची नाही. नातीच्या गोधडीवर घाईघाईत मी इस्त्री फिरवली, तर एक रेघ कायमची पक्की झाली. अजून दिसते, आणि दर वेळी जीव हळहळतो.

लांब तिरप्या रेघेसाठी सुतारासारखं सूत मारा. दोऱ्याला खडूची पूड चोळायची, दोघींनी दोन कोपऱ्यांवर ताणून धरायचा, मधोमध चिमटीत उचलून सोडायचा. एका फटक्यात सरळ रेघ उमटते. कर्णाची ही एक रेघ पुरे. बाकीच्या टिपा तिच्यापासून दोन-दोन इंचांवर, कागदी चिकटपट्टी लावून तिच्या कडेने.

आता चुण्या. माझी आजी वाकळ कडेने आत आत शिवत यायची. हाताचा धावदोरा टाक्या-टाक्याला थर सावरून घेतो, म्हणून ते जमायचं. मशीनचे दाते फक्त खालचं कापड ओढतात आणि वरचं मशीनच्या पायाखाली दबून मागे राहतं. ते पायापुढे साचत जातं आणि टीप संपते किंवा दोन टिपा छेदतात तिथे चुणी येते. म्हणून मशीनवर मधली टीप आधी, मग एका बाजूने कडेपर्यंत, मग दुसऱ्या. एका दिशेच्या सगळ्या टिपा एकाच टोकाकडून सुरू करा, उलटसुलट मारल्या की थरांना पीळ बसतो. वॉकिंग फूट, म्हणजे मशीनला लावायचा वेगळा पाय, मिळाला तर जरूर घ्या, त्याला वरूनही दाते असतात. नसेल तर पायाचा दाब कमी करा, टाका ३ मिलिमीटरचा ठेवा, सुई १६ नंबरची.

उलट्या बाजूच्या चुण्यांचं कारण मात्र बहुतेक वेळा शिवण्याआधी थर एकमेकांना टाचून घेण्यात असतं. अस्तर फरशीवर चिकटपट्टीने ताठ बसवा, ओढून नव्हे. त्यावर धुऊन वाळवलेलं लुगडं, मग वरचं कापड. मधून बाहेर, पंजाएवढ्या अंतराने कच्चे धावदोरे घाला. यात तास-दीड तास जातो, तो जाऊ द्या.

टाचण्या लावल्याच तर मोजून लावा आणि मोजूनच काढा. शेवटी सगळी गोधडी दोन्ही तळव्यांमध्ये धरून इंच-इंच चाचपा, मगच बाळंतविड्यात ठेवा.