ग्राम स्टेनिंगमध्ये, म्हणजे बॅक्टेरिया रंगवून जांभळे (पॉझिटिव्ह) की गुलाबी (निगेटिव्ह) ते ओळखायच्या पद्धतीत, सगळंच गुलाबी दिसतं. अल्कोहोल नेमकं किती सेकंद ठेवायचं? आणि स्वतःचा मायक्रोस्कोप घ्यावा का?

मायक्रोस्कोप घेऊ नकोस. १०० एक्सची चांगली ऑइल लेन्स नसेल तर बॅक्टेरिया धड दिसत नाहीत, आणि ती असलेला परवडत नाही.

आता सेकंद. पुस्तकात दहा ते वीस सापडतील, पण घड्याळ बघून डिकलराईझ करणारे, म्हणजे रंग उतरवणारे, मला कधीच पटले नाहीत. स्लाइड तिरकी धर, ९५ टक्के अल्कोहोल थेंब थेंब सोड, जांभळं पाणी उतरायचं थांबलं की लगेच नळाखाली. स्मिअर, म्हणजे स्लाइडवर पसरलेला थर, जाड असेल तर वेळ जास्त लागणार, पातळ असेल तर कमी.

पण तुम्ही पोरं नुसती अल्कोहोलच्या मागं लागता. कल्चर, म्हणजे वाढवलेले बॅक्टेरिया, कधीचं आहे ते प्रश्नात लिहिलंच नाहीस! माझं जुनं भांडण नेमकं ह्यावरच आहे.

टी.वाय.ची प्रॅक्टिकल, कोल्हापुरातलंच कॉलेज, नाव नको. मला अननोन म्हणून, म्हणजे ओळखायला, बॅक्टेरिया कालवलेलं पाणी मिळालं. स्लाइडवर गुलाबी काड्या, मधूनच एखादी जांभळी, आणि बऱ्याच काड्यांच्या पोटात रंगच न घेतलेली लंबगोल जागा. म्हणजे स्पोअर, बॅक्टेरियाचं टिकाऊ रूप; ते करणारे बहुतेक ग्राम पॉझिटिव्ह, बॅसिलस त्यातलाच. मी लिहिलं: ग्राम पॉझिटिव्ह, बहुधा बॅसिलस, कल्चर जुनं. एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, आयपीसमधून बघून म्हणाले, ‘गुलाबी दिसतंय ना? मग निगेटिव्ह.’ मी म्हटलं, सर, आत स्पोअर आहेत. ‘दिसतं ते लिहायचं, डोकं चालवायचं नाही.’ मार्क कापले. बाहेर आल्यावर लॅबमधले मामा हळूच म्हणाले, ‘पोरी, ती स्लँट गेल्या महिन्यातली हाय, फ्रिजातच पडून हुती.’ स्लँट म्हणजे नळीत वाढवून ठेवलेलं कल्चर.

आयोडिननं पक्का केलेला जांभळा रंग, क्रिस्टल व्हायोलेट, पॉझिटिव्हच्या पेशीभित्तिकेतल्या पेप्टिडोग्लायकनच्या जाड थरात अडकून राहतो, हे तुला माहीत असणारच. बॅसिलसच्या पेशी म्हाताऱ्या झाल्या की तीच भित्तिका फुटायला लागते, अल्कोहोल रंग घेऊन जातं आणि नंतरचा गुलाबी रंग, सॅफ्रॅनिन, बसतो. गुलाबी दिसलं म्हणून तो निगेटिव्ह होत नाही. खुद्द हान्स क्रिश्चन ग्रामनं १८८४ मध्ये पद्धत छापली तेव्हा ती सदोष आणि अपुरी आहे हे स्वतःच लिहून ठेवलं होतं. ज्याची पद्धत त्याला शंका, आणि आमच्या एक्स्टर्नलना नाही.

आता मी दुधाच्या टेस्टिंग लॅबमध्ये आहे. नवीन आलेल्याला पहिल्याच दिवशी सांगते की सॅम्पलच्या स्लाइडवर दोन्ही बाजूंना कंट्रोल, म्हणजे ज्यांचा रंग आधीच माहीत आहे असे बॅक्टेरिया, टाक: एकीकडे स्टॅफिलोकोकस ऑरियस, दुसरीकडे ई. कोलाय, दोन्ही १८ ते २४ तासांची. स्टॅफ गुलाबी झाला तर हात चुकला. स्टॅफ जांभळा, कोलाय गुलाबी आणि तरी सॅम्पल गुलाबी, तर मग सॅम्पलचा विचार कर. हे एवढं त्या परीक्षेच्या टेबलावर असतं तर वाद दोन मिनिटांत मिटला असता. ३ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंबही चालला असता: स्लँटवरची थोडी वाढ त्यात कालव, लूप (तारेची कडी) वर उचल, चिकट धागा ओढला गेला तर निगेटिव्ह. बाटली मागच्याच कपाटात होती.

तुझं एवढ्यात बिघडायला लागलं असेल तर पावसाचंही बघ. आपल्याकडे जुलैत स्मिअर वाळता वाळत नाही, मग पोरं ओलीच स्लाइड बर्नरवर धरतात. पेशी उकडून फुटतात आणि सगळं गुलाबी. पंख्याखाली ठेव, गप बस, पूर्ण वाळू दे. मग ज्योतीवरून दोनतीनदा झपकन फिरव, स्लाइड हाताच्या मागच्या बाजूला सोसवेल इतकीच गरम.

एक राहिलं. स्पोअर दिसला की डोळे मिटून पॉझिटिव्ह लिहू नकोस, स्पोरोम्युसासारखे निगेटिव्ह असूनही स्पोअर करणारे आहेत. कॉलेजच्या स्टॉकमध्ये ते भेटायचे नाहीत एवढंच. पोटॅशियम हायड्रॉक्साइडची टेस्टही दर वेळी बरोबर येते असं नाही. आणि परीक्षेत माझ्यासारखी हुज्जत घालू नकोस. निरीक्षणात ‘गुलाबी काड्या, क्वचित जांभळ्या, मध्ये स्पोअर’ लिही, निष्कर्षात कारणासकट बॅसिलस लिही. मग मार्क कापायचे तर त्यांना कारण खोडून काढावं लागेल, आणि ते आमच्या एक्स्टर्नलना आजही जमणार नाही.