नोंदवहीत पुन्हा आलेले पेशंट एक्सेलने कसे मोजायचे?

दवाखान्याच्या शीटमध्ये ए कॉलमला तारीख, बी कॉलमला पेशंट नंबर आणि प्रत्येक भेटीची एक ओळ आहे असं धरतो. नावावरून मोजू नका. एकच माणूस कधी 'कुलकर्णी' तर कधी 'कुळकर्णी' होतो आणि गणित तिथेच बोंबलतं.

सी2 मध्ये हे लिहा (फंक्शनची आणि कॉलमची नावं अर्थातच इंग्रजी अक्षरांत) आणि खालपर्यंत ओढा:

=काउंटइफ(बी$2:बी2,बी2)

खरी मेख त्या डॉलरमध्ये आहे. सुरुवात दुसऱ्या ओळीला खिळते, शेवट मात्र खाली सरकत जातो. म्हणून ही त्या पेशंटची कितवी भेट आहे ते कळतं. ओळी तारखेनुसार लावलेल्या हव्यात. मग पुन्हा झालेल्या भेटी: =काउंटइफ(सी:सी,">1"). पुन्हा आलेली माणसं किती? =काउंटइफ(सी:सी,2), कारण दुसरी भेट प्रत्येकाची एकदाच होते.

30 दिवसांच्या आत परत आलेले हवे असतील, तर डी2 मध्ये:

=काउंटइफ्स(बी:बी,बी2,ए:ए,"<"&ए2,ए:ए,">="&ए2-30)

शून्याहून जास्त आलं की ती परतभेट. इथे ओळींचा क्रम कसाही चालतो, आणि एकाच दिवशी चुकून झालेली दुहेरी नोंद एकमेकींची परतभेट म्हणून धरली जात नाही.

सगळीकडे शून्यच आलं तर तारखा मजकूर म्हणून साठल्यात का ते बघा, =इजनंबर(ए2) लगेच सांगेल. दहापैकी नऊ वेळा घोळ तिथेच असतो.