जुना लेनोवो थिंकपॅड टी480 लॅपटॉप बॅटरीवर अचानक बंद पडतो, चार्जिंगही अडखळतं. खरंच मदरबोर्ड गेला असेल का?

बोर्ड बदलायला लगेच हो म्हणू नका. तुम्ही दिलेली लक्षणं मला एका बिघाडाची वाटत नाहीत, तीन वेगवेगळ्या बिघाडांची वाटतात.

तुमची तक्रार थोडक्यात अशी आहे. मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी वापरलेला टी480 घेतला. चार्जर लावून ठेवला की दिवसभर बिनतक्रार चालतो. बॅटरीवर मात्र 48-50 टक्के दिसत असताना काही न सांगता बंद पडतो. चार्जरची पिन दोन-तीनदा काढून घातल्याशिवाय चार्जिंग सुरू होत नाही. आणि 8 जीबीची नवी रॅम टाकल्यापासून अधूनमधून निळी स्क्रीन येते. दुकानदाराने या सगळ्याचं एकच उत्तर दिलं: बोर्ड गेलाय, 9 हजार होतील.

मी जुने ऑफिसवाले लॅपटॉप दुरुस्त करतो. पाच-सहा वर्षं वापरलेल्या मशीनमध्ये दोन-तीन किरकोळ बिघाड एकदम असणं अगदी नेहमीचं आहे. ते वेगळे करून बघायला वेळ लागतो, म्हणून "बोर्ड" म्हणून मोकळं होतात. माझी पद्धत एवढीच: मशीन कसं बंद पडतं ते नीट बघायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आधी 50 टक्क्यांचं बघू, कारण ते सगळ्यात बोलकं लक्षण आहे. टी480 मध्ये बॅटऱ्या दोन असतात. एक आत, तळहात टेकतो त्या भागाखाली, 24 वॉट-अवरची. दुसरी मागच्या बाजूला, खटके सरकवून बाहेर निघणारी. ती 24, 48 किंवा 72 वॉट-अवरची मिळते. मशीन आधी मागची बॅटरी वापरतं आणि ती संपत आली की आतलीवर जातं. विंडोज मात्र दोन्हींची बेरीज करून एकच टक्केवारी दाखवतं. आता मागचीही 24 चीच असेल, तर ती संपते तेव्हा पडद्यावर 50 च्या आसपास आकडा असतो. नेमक्या त्याच क्षणी मशीन आतल्या बॅटरीवर जातं. ती बॅटरी 2018-19 पासूनची मूळचीच असेल तर कागदावर तिच्यात चार्ज दिसतो, पण लोड आला की तिचा व्होल्टेज कोसळतो आणि मशीन मरतं. तुमचं मशीन 48-50 ला बंद पडतं हे वाचल्यावर माझा संशय थेट तिथेच गेला.

याची खात्री घरीच होते. लॅपटॉप पूर्ण चार्ज करा, बंद करा, मागची बॅटरी काढा, चार्जर काढा आणि फक्त आतल्या बॅटरीवर चालू करा. सुरूच झाला नाही किंवा काही मिनिटांत बंद पडला, तर चोर सापडला. सोबत एक रिपोर्टही काढा. कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत 'पॉवरसीएफजी', मग एक जागा सोडून 'स्लॅश बॅटरीरिपोर्ट' असं टाईप करा. एक फाइल तयार होते आणि ती कुठे ठेवली तेही तिथेच दिसतं. त्यात प्रत्येक बॅटरीचे दोन आकडे असतात: डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी. आतलीचा पहिला आकडा 24 हजार मिलिवॉट-अवरच्या जवळपास असतो. दुसरा 10-12 हजारांवर आला असेल तर ती बदलायला झाली आहे. कधीकधी हा आकडा चांगला दिसूनही बॅटरी लोडवर कोसळते, त्यामुळे रिपोर्टपेक्षा मागची बॅटरी काढून केलेल्या चाचणीवर मी जास्त विश्वास ठेवतो.

गरम होऊन बंद पडत असेल का, असंही तुम्ही विचारलंय. मला नाही वाटत. उष्णतेचा प्रश्न असता तर चार्जरवर असतानाही बंद पडला असता, कारण चार्जर लावलेला असताना प्रोसेसर सहसा जास्तच ताणून चालतो. फॅन साफ करून थर्मल पेस्ट बदलून घ्या, त्याने आवाज कमी होईल, पण हा बिघाड त्यातला नाही.

एक गोष्ट मात्र आजच बघा. टचपॅडचं क्लिक कडक झालंय का, किंवा झाकण बंद केल्यावर पुढच्या कडेला फट राहते का? तसं असेल तर आतली बॅटरी फुगली आहे. मग वरच्या चाचण्या करायच्या नाहीत, चार्जर लावायचा नाही, आणि दाबून बसवण्याचा तर प्रयत्नही नाही. लिथियमची बॅटरी टोचली गेली की पेट घेते. ती काढून ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यायची, घरच्या कचऱ्यात टाकायची नाही.

आता चार्जिंग. टी480 यूएसबी-सीवर चार्ज होतो आणि डाव्या बाजूला असे दोन पोर्ट आहेत. दोन्हींवरून चार्जिंग होतं, तरी लोक वर्षानुवर्षं एकच वापरतात आणि तोच सैल होतो. दुसऱ्या पोर्टला लावून बघा. तिथे पहिल्या फटक्यात चार्ज झालं तर चार्जर आणि केबल निर्दोष. मग मशीन बंद करून पहिल्या पोर्टमध्ये टॉर्च मारा. बॅगेतली धूळ आणि कापडाचे तंतू आत दाबून घट्ट बसलेले असतात, त्यामुळे पिन पूर्ण आत जात नाही. लाकडी टूथपिकने हळूच कोरून काढा, सुई किंवा टाचणी नको. निम्म्या वेळा काम इथेच होतं.

दोन्ही पोर्टवर तोच त्रास असेल तर चार्जर बदलून बघा. त्यावर 20 व्होल्ट, 3.25 अँपिअर म्हणजे 65 वॉट लिहिलेलं हवं. दुकानदाराकडे यूएसबी-सीचा छोटा मीटर असेल तर तो मध्ये लावायला सांगा. मीटरवर 20 व्होल्ट आले की चार्जर आणि लॅपटॉपचं बोलणं झालं. 5 व्होल्टवरच अडकलं तर दोघांपैकी एक गप्प आहे, आणि तोच चार्जर दुसऱ्या लॅपटॉपला लावला की कोण ते कळतं.

याच मॉडेलची एक गोष्ट फार थोड्या दुकानदारांना माहीत असते. 2017 ते 2019 च्या बऱ्याच थिंकपॅडमध्ये, टी480 सकट, थंडरबोल्ट (वेगवान यूएसबी-सी) चिपच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे चिपमधल्या सॉफ्टवेअरमध्ये, दोष होता. त्याने कालांतराने यूएसबी-सी पोर्ट काम करेनासे होतात, काहींचं चार्जिंगही बिघडतं. लेनोवोने त्यावर फर्मवेअर अपडेट दिलं आणि ते तातडीचं म्हणून जाहीर केलं. पहिल्या मालकाने ते टाकलं असेलच असं नाही. लेनोवो व्हँटेज हे ॲप उघडून बघा आणि पोर्ट अजून चालताहेत तोवर ते करून घ्या, कारण पोर्ट पूर्ण गेल्यावर अपडेटने सहसा काही होत नाही. मग चिप पुन्हा प्रोग्रॅम करणाऱ्या कारागिराकडेच जावं लागतं. फक्त अपडेट चालू असताना चार्जर हलवू नका. तुमच्या मशीनच्या बॅटरीवर भरवसा नाही.

खालच्या बाजूला पिन जाईल एवढं एक छोटं छिद्र आहे, तेही वापरून बघा. चार्जर काढा, सरळ केलेल्या पेपरक्लिपचं टोक त्यात दाबा, मिनिटभर थांबा आणि पुन्हा चार्जर लावा. पॉवरचं सर्किट रीसेट होतं. "मेलेला" टी480 एवढ्यानेच उठलेला मी पाहिलाय.

रॅमचं सोपं आहे. नवी पट्टी काढा आणि जुन्यावर चार-पाच दिवस वापरा. निळी स्क्रीन थांबली, तर पट्टी किंवा तिचा स्लॉट. मग नवी पट्टी एकटी, जुनी होती त्याच स्लॉटमध्ये लावा आणि पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट86 प्लस हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवा. एकही एरर आली तरी पट्टी परत करा, "एकच तर आहे" म्हणून ठेवू नका. मुलीच्या प्रोजेक्टच्या फायली त्याच मेमरीतून जाणार आहेत. तिथे पट्टी स्वच्छ निघाली तर दुसऱ्या स्लॉटवर संशय, आणि तो मात्र बोर्डाचा भाग. सोनेरी टोकं खोडरबरने घासायची आपल्याकडे पद्धत आहे. मी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापड वापरतो, रबराचा भुगा स्लॉटमध्ये जाऊन नवीनच त्रास होतो.

रॅमसाठी खालचं झाकण उघडण्याआधी एक काम विसरू नका. मशीन चालू होताना एफ1 दाबून बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) जा, तिथे कॉन्फिग, मग पॉवर, आणि 'डिसेबल बिल्ट-इन बॅटरी' निवडा. चार्जर आधीच काढलेला हवा. मशीन बंद होतं आणि पुन्हा चार्जर लावेपर्यंत आतल्या बॅटरीतून करंट येत नाही. त्यानंतर मागची बॅटरी काढा. हे न करता रॅम ओढली, तर आज चांगला असलेला बोर्ड उद्या खरंच जाऊ शकतो.

क्रम असा ठेवा: आधी मुलीच्या फायलींचा बॅकअप, मग आतल्या बॅटरीची चाचणी, मग दुसरा पोर्ट आणि चार्जर, शेवटी रॅम. हे सगळं करूनही, दोन्ही बॅटऱ्या आणि एसएसडी काढलेली, एकच चांगली पट्टी, खात्रीचा चार्जर, आणि तरीही मशीन मध्येच बंद पडतंय, असं झालं तरच बोर्डाकडे वळा. तेव्हाही आधी चिप-लेव्हल काम करणाऱ्याला दाखवा. सैल यूएसबी-सी पोर्ट बोर्डावर सोल्डर केलेला असतो आणि तेवढाच बदलता येतो.

बोर्ड बदलायची वेळ आलीच, तर तुम्हाला मिळणारा बोर्डही बहुधा वापरलेलाच असेल. पैसे देण्याआधी दुकानातच मशीन चालू करायला लावा, एफ1 दाबा आणि बायोस पासवर्ड न विचारता उघडतोय का बघा. सुपरवायझर पासवर्ड असलेला बोर्ड असेल तर तो घेऊ नका. हा पासवर्ड विसरला तर लेनोवोचं अधिकृत उत्तर बोर्ड बदला हेच आहे.