टर्मिनलमधला ब्राउझर आजच्या काळात कोण वापरतं?

क्रोम-फायरफॉक्स हाताशी असताना टर्मिनलमध्ये (नुसत्या कमांड टाइप करायच्या खिडकीत) चालणारा, लिंक्ससारखा नुसती अक्षरं दाखवणारा ब्राउझर कोण वापरतं, असं तुम्ही विचारलंय. मी वापरतो, रोज. (याच उच्चाराचे दोन ब्राउझर आहेत. मी म्हणतोय तो रानमांजराच्या नावाचा, १९९२ साली कॅन्सस विद्यापीठात सुरू झालेला.)

पूर्वी मी एका कॉलेजचे सर्व्हर सांभाळायचो. सकाळी निकाल लावायचा होता आणि रात्री अकराला एक सॉफ्टवेअर पॅकेज काही केल्या चढेना. यम (पॅकेजेस उतरवून चढवणारी लिनक्सची कमांड) दर वेळी चेकसम, म्हणजे फाइल बरोबर उतरली का ते तपासायचा आकडा, जुळत नाही म्हणायचा. उतरलेली फाइल उघडून पाहिली, तर आत सगळं एचटीएमएल, म्हणजे वेबपानाचा कोड. फायरवॉलच्या (नेटची ये-जा अडवणाऱ्या यंत्रणेच्या) लॉगिनचं पान! त्याच दिवशी नवा फायरवॉल बसला होता आणि आमच्या सर्व्हरला लॉगिनमधून सूट द्यायची राहून गेली होती. सूट देणारा माणूस फोन उचलेना. लॅपटॉपवरून लॉगिन केलं, तर नेट उघडायचं लॅपटॉपच्याच आयपीला (नेटवर्कवरच्या पत्त्याला), सर्व्हरच्या नाही. साहेबांनी फोनवर फर्मावलं, "सर्व्हरवर डेस्कटॉप टाक, म्हणजे ब्राउझर मिळेल." अहो, पण तो खिडक्या-माऊसवाला डेस्कटॉप उतरवायला नेट कुठून आणू?

लिंक्स मीच कधीतरी टाकून ठेवलं होतं. ते उघडलं, जी दाबून पत्ता दिला. सर्टिफिकेटवर (साइटच्या ओळखीच्या दाखल्यावर) विश्वास नाही, पुढे जायचं का, असं खालच्या ओळीत आलं. तिथे आपोआप 'नाही' असतं, म्हणून मुद्दाम वाय दाबलं. कुकी ठेवायची का विचारलं, त्याला ए (नेहमी). मग खालच्या बाणाने नाव, पासवर्ड (नुसते तारे दिसतात), सबमिटवर एंटर. पाच मिनिटांत यम चालू. निकाल वेळेवर लागला.

आणि सकाळच्या मीटिंगमध्ये साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "डेस्कटॉप नव्हता म्हणून रात्रभर खोळंबा झाला." ते मला अजून लागतं.

म्हणून सांगतो, सर्व्हरवर डेस्कटॉप चढवू नका. शेकडो जादा पॅकेजेस येतात, प्रत्येकाचे अपडेट तुम्हालाच बघायचे असतात, रॅम जाते ती वेगळीच. कधीतरी एक फॉर्म भरायचा म्हणून एवढं ओझं कशाला? लिंक्स आधीच टाकून ठेवा, नेट बंद पडल्यावर ते आणणार कुठून? एखादं पान साध्या मजकुरात हवं असेल तर लिंक्सच्या कमांडला डॅश-डंप हा पर्याय लावून फाइलमध्ये वळवा, क्रॉनमध्येही (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणाऱ्या सोयीत) चालतं. तक्ते असलेल्या पानांसाठी डब्ल्यूथ्रीएम हा टर्मिनलमधलाच दुसरा ब्राउझर जास्त बरा.

एक राहिलंच, जावास्क्रिप्ट (वेबपानातला, ब्राउझरमध्ये चालणारा प्रोग्रॅम) लिंक्समध्ये चालत नाही. त्यामुळे बँक, कॅप्चा, हल्लीची बरीच लॉगिन पानं विसरा. फायरवॉलचं पान तसं असतं तर माझीही त्या रात्री अडचण झाली असती. मराठी पानं वाचता येतात, पण बऱ्याच टर्मिनलमध्ये काना-मात्रा सरकतात आणि जोडाक्षरं तुटतात. तरीही त्या रात्री डेस्कटॉप टाकत बसलो असतो, तर निकाल सकाळी लागला नसता. हे मी तेव्हा मीटिंगमध्ये बोलायला हवं होतं.