रेयांश, अनय आणि सर्जेराव

कोल्हापुरातून प्रश्न आहे: ‘घरात सर्जेराव, हैबतराव, दौलतराव अशी नावं. नातवाचं बारसं जवळ आलंय. मुलगा-सुनेला अस्सल संस्कृत नाव हवंय. रेयांश किंवा अनय. अर्थ बरोबर आहेत का?’

रेयांशचा ‘सूर्याचा अंश’ हा अर्थ जिकडेतिकडे दिसतो. पण संस्कृतात ‘रे’ ही हाक मारण्याची पद्धत आहे, सूर्य नव्हे. संपत्ती या अर्थाचा ‘रै’ आहे खरा. त्याला ‘अंश’ जोडला तर संधी होऊन ‘रायंश’ होईल. शेवटी ‘-आंश’ यायचं तर आधीचा शब्द अकारान्त किंवा आकारान्त लागतो. शिव + अंश = शिवांश, सूर्य + अंश = सूर्यांश. रवी घेतलात तर मात्र रव्यंश! रेयांशमधला ‘रे’ बहुधा इंग्रजीतल्या किरणाचा असावा. कानाला गोड लागतं म्हणून खुशाल ठेवा, संस्कृत म्हणून नको.

अनयचं उलट आहे. शब्द शंभर टक्के संस्कृत, पण नय म्हणजे नीती आणि अनय म्हणजे अनीती. ‘अय’ म्हणजे सुदैव अशी फोड केली तर अनय म्हणजे दुर्दैव. दोन्हींकडून पंचाईतच. त्यापेक्षा विनय बरा.

तपासायचं कसं? आधी शब्द फोडा आणि संधी जुळते का बघा. मग वा. शि. आपट्यांचा संस्कृत कोश. देशी वळणाचा शब्द असेल तर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. फारसी वाटला तर माधव जूलियनांचा १९२५ चा फार्शी-मराठी कोश. हे पुढं तुमच्याच राजाराम कॉलेजात प्राध्यापक होते. मुलांच्या नावांच्या याद्या कोश म्हणून वापरू नका. त्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात, त्यामुळे एकीतली चूक दहा ठिकाणी सापडते आणि खरी वाटू लागते.

आता आजोबा-पणजोबांकडे. सर्जेराव हे नाव होण्याआधी किताब होता, कागलच्या घाटग्यांचा. मुळाशी फारसी ‘शर्जा’, म्हणजे चवताळलेला, सिंहाला लावायचं विशेषण. मराठीत सर्जा म्हणजे सिंहच झाला. हैबत अरबी, अर्थ दरारा. दौलत सगळ्यांत मजेदार: अरबी मुळाचा अर्थ फिरणं, पालटणं. फिरत येणारी पाळी ती सत्ता, सत्ता म्हणून राज्य, आणि राज्याबरोबर आलेला पैसा. मराठीत आपण मुख्यतः शेवटचाच अर्थ ठेवला. खाशाबाही याच वळणाचं, अरबी ‘खास’वरून आलेला खासा आणि आदराचा ‘बा’.

एकच उच्चार दोन घरचा असू शकतो, हेही लक्षात घ्या. समीर संस्कृतात वारा, अरबीत रात्री गप्पांना सोबत करणारा. इथं कुठला अर्थ खरा, हे नाव ठेवणाऱ्या घरावर ठरतं.

दोन्ही पिढ्यांचं समाधान हवं असेल तर एक नाव सुचवतो: दारा. आलं फारसीतून, पण प्राचीन इराणी सम्राटाच्या ‘दारयवहु’ या नावातलं ‘दारय’ म्हणजे आपलं ‘धारय’ आणि ‘वहु’ म्हणजे ‘वसु’. संस्कृत ‘स’च्या जागी तिकडं बऱ्याचदा ‘ह’ येतो. अर्थ, चांगलं ते धरून ठेवणारा. शिवाय तालमीच्या गावात हे नाव कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.