विजेतेपद मिळवून देणाऱ्या प्रशिक्षक रानिएरीला लेस्टर सिटी या इंग्लिश फुटबॉल क्लबने नऊ महिन्यांत का काढलं?

रेलिगेशनच्या, म्हणजे तळाच्या तिघांत राहून खालच्या लीगमध्ये घसरण्याच्या धास्तीने, दुसरं काय! मे 2016 मध्ये प्रीमियर लीग (इंग्लंडची अव्वल लीग) जिंकलेला संघ फेब्रुवारी 2017 मध्ये तळाच्या तिघांपेक्षा जेमतेम एका गुणाने वर होता. 2017 उजाडल्यापासून लीगमध्ये एकही गोल नाही! एन्गोलो कान्ते चेल्सीला गेला आणि मधली फळी पोकळ झाली. चेंडू हिसकावून पुढे स्ट्रायकर वार्डीकडे पोचवणार कोण? गंमत म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या चॅम्पियन्स लीगमध्ये हाच संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला.

रानिएरीचा सहायक क्रेग शेक्सपियर याच्याकडे सूत्रं आली आणि पहिल्याच सामन्यात लिव्हरपूलला 3-1 हरवलं, त्यात वार्डीचे दोन गोल. मग आधी हेच खेळाडू का मरगळले होते, हे मला तेव्हाही खटकलं. शेवटी बाराव्या क्रमांकावर निभावलं. रानिएरीला मात्र हंगाम पुरा करू द्यायला हवा होता.